ब्रीचचा बांध आणि चित्रात नसलेली माणसे



जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आपल्याला ठाऊक आहे तो पुण्यामुळे. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे त्याने काढली, गंगाराम तांबटासारख्या गुणी माणसाला हाताशी धरले. पण त्याआधी, १७९१-९२ मध्ये, त्याने मुंबई बेटाचे बारा देखावे काढले होते. १७९५ मध्ये तो साष्टीत तापाने वारला. देखावे लंडनला छापून निघाले ते १८०० साली, म्हणजे एकोणिसावे शतक उंबरठ्यावर असताना.

छापण्याची रीत अशी. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात ठेवायचा. उघड्या रेघा आम्ल खाते. त्यांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटते. रंग नंतर हाताने. म्हणून अशा चित्रांत समुद्र आणि आभाळ कसे स्तब्ध, काहीसे उदास वाटतात. पाहणाऱ्याला वाटते, मुंबई तेव्हा किती निवांत होती!

इथेच थांबून विचारावे, चित्रकार कुठे उभा होता, चित्र कोणासाठी होते आणि त्यातून काय सुटले?

या बारांत दोन चित्रे ब्रीचची आहेत. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि बेटाचा मधला सखल भाग बुडे. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ गव्हर्नर होता. त्याच्या काळात तिथे बांध पडला, तोच हॉर्नबी वेलार्ड. आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो. म्हणजे ती निवांत किनारपट्टी निसर्गाची नव्हे, घामाची होती.

बांधाला नाव गव्हर्नरचे मिळाले. लोकांनी मात्र आपली आख्यायिका जपली: बांध सारखा ढासळे, तेव्हा रामजी शिवजी या प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टांत दिला, खाडीतून मूर्ती वर काढली आणि मगच बांध टिकला. तिला कागदोपत्री पुरावा म्हणता येणार नाही. पण आपला माणूस त्या कामात होता, हे लोकांना विसरायचे नव्हते, एवढे ती नक्की सांगते.

आणि दगडमाती वाहणारे? त्यांना ना चित्रात चेहरा, ना आख्यायिकेत नाव. सुकलेल्या जमिनीवर पुढे वस्ती झाली, त्यातल्या एका भागाचे नाव कामाठीपुरा. कामाठी हे बांधकामावरचे मजूर, निजामाच्या मुलखातून आलेले. आपले बीडही १९४८ पर्यंत त्याच मुलखात होते. दर दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, कोयत्याचे नसते.

म्हणून जुने चित्र जरूर पाहावे, पण सोबत गल्लीबोळांची नावेही वाचावीत. चित्रकाराने सोडलेली माणसे पुष्कळदा तिथे सापडतात.