खटका आणि आज्ञा : घरगुती संगणक बंद करण्याची रीत

संगणक बंद होत नाही ही तक्रार घरगुती संगणकाइतकी जुनी नाही. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या उजव्या अंगाला मागच्या बाजूस मोठा लाल खटका होता आणि तो थेट वीजपुरवठाच तोडत असल्याने यंत्राने बंद होण्यास नकार देण्याची सोयच नव्हती. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तेव्हा तबकडीवर तरंगणारे वाचन-लेखनाचे हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवणारी ‘पार्क’ची आज्ञा खटक्याआधी देण्याची पद्धत पडली, तरीही अखेरचा अधिकार बोटाकडेच होता.

हा अधिकार डळमळला तो ‘कॅश’मुळे, म्हणजे डिस्कवर लिहायची माहिती काही काळ मेमरीतच थोपवून धरण्याच्या युक्तीमुळे. १९९३ साली एमएस-डॉस ६ मधील स्मार्टड्राइव्ह ही आज्ञावली असे विलंबित लेखन करी, पण पडद्यावर पुढच्या आज्ञेची खूण आधीच उमटत असल्याने काम संपले असे समजून खटका दाबणाऱ्यांची माहिती गहाळ होई. त्याच वर्षीच्या ६.२ आवृत्तीत लेखन पुरे होईपर्यंत ती खूण रोखून धरण्यात आली. १९९५ च्या विंडोज ९५ ने पुढचे पाऊल टाकले. चालू आज्ञावल्या मिटवणे, कॅश डिस्कवर उतरवणे आणि मगच ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाची नारिंगी अक्षरे दाखवणे असा क्रम तिने घालून दिला, मात्र खटका अजून माणसानेच दाबायचा होता.

तोही इंटेलच्या एटीएक्स रचनेने काढून घेतला. १९९५ च्या या रचनेत पुढचे बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला केवळ संकेत देते. १९९२ च्या एपीएम आणि १९९६ च्या एसीपीआय या वीजव्यवस्थापनाच्या मानकांमुळे अखेरचा पुरवठा आज्ञावलीच्या हुकमाने थांबू लागला. बंद करणे ही कृती न राहता विनंती झाली आणि ‘बंद होत नाही’ हा बिघाड येथेच जन्मला. सुटकेची वाट म्हणून बटण सुमारे चार सेकंद दाबून धरण्याची तरतूद ठेवण्यात आली.

विंडोज ९८ मध्ये हा बिघाड इतका वाढला की तिच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टला स्वतंत्र दुरुस्ती-आज्ञावली द्यावी लागली. कारणे नाना होती: न आवरणारे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या आज्ञावल्या, निरोपाच्या आवाजाची बिघडलेली फाइल, किंवा ‘जलद बंद’ ही सोयच. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या साधनातून एकेक घटक वगळून पाहणे हा त्यावरचा इलाज वैद्याच्या पथ्यासारखाच चिवट आणि वेळखाऊ होता. जबरदस्तीने बंद केलेला संगणक पुढल्या वेळी स्कॅनडिस्कने डिस्क तपासताना नीट बंद न केल्याची आठवण करून देई. दोष आज्ञावलीचा, बोल मात्र वापरणाऱ्याला. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील घरांना वीजमंडळाच्या वाटचाही हा बोल ऐकावा लागे, आणि यूपीएस घेण्याचे एक कारण नीट बंद करण्यापुरती चार मिनिटे मिळवणे हेही होते.

२०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा मिटत नाही, तो डिस्कवर जतन होतो आणि पुढल्या वेळी तसाच उचलला जातो. त्यामुळे गाभ्यात किंवा ड्रायव्हरमध्ये साचलेला दोष रात्रभर बंद ठेवलेल्या संगणकातही टिकू शकतो, आणि तो घालवण्यासाठी ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडावे लागते.