रुपयाचा प्रश्न आणि रिझर्व्ह बँक

रिझर्व्ह बँकेची स्थापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाच्या आधारे झाली, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारले, तर बाबासाहेबांचा मूळ आक्षेपच झाकला जातो.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. केन्सने पुरस्कारिलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणावर त्यात कठोर टीका आहे. चलन काढणाऱ्याच्या हाती मर्यादा नसली की रुपयाची क्रयशक्ती घटते आणि त्याचा भार मजुरी घेणाऱ्यावर पडतो, हे त्याचे सार होय. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी रुपयांची टांकसाळ सरकारलाही बंद करावी, अशी मागणी केली. (विनयपिटकातील ‘रूपिय’ या शब्दाच्या व्याख्येत व्यवहारात चालणारे लाकडाचे व लाखेचे माषकही येतात. नाणे कशाचे, यापेक्षा ते चालते की नाही, हा विचार तेथेही दिसतो.)

आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. ही मागणी मात्र स्वीकारली नाही. १९२७ चे विधेयक बारगळले. १९३४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, ती खासगी भागधारकांची. भांडवल ५ कोटी रुपये. कायद्याने रुपया स्टर्लिंगशी बांधला आणि लंडनमधील स्टर्लिंग रोख्यांच्या आधारावर नोटा काढण्याची मुभा दिली. म्हणजे ज्या पद्धतीला बाबासाहेबांचा विरोध होता, तिचाच हा वेगळा अवतार होता.

त्याचा परिणाम दुसऱ्या महायुद्धात दिसला. ब्रिटनच्या युद्धखर्चापोटी लंडनमध्ये स्टर्लिंग साठत गेले आणि येथे त्यावर नोटा निघत राहिल्या. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा पाचपटींहून अधिक झाल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो लोक मेले. त्याची कारणे अनेक होती. परंतु तांदळाच्या भावापुढे शेतमजुराची मजुरी तोकडी पडली, हे त्यांतील प्रमुख होय. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९५७ पासून नोटांमागे किमान २०० कोटींचे सोने व परकीय रोखे पुरेसे ठरले. नोटांच्या संख्येवरील बंधन जवळजवळ उरले नाही. २०१६ च्या दुरुस्तीने मर्यादा पुन्हा कायद्यात आली, पण ती भाववाढीवर: लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के इकडेतिकडे. व्याजदर सहा जणांची समिती ठरवते.