जपानी माहजाँगमधील गुणरचनांचे परस्पर-आच्छादन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

चीनमध्ये उगम पावलेला माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये परिचित झाला. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांच्या १९०९ मधील मांचुरिया-प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आढळतो. १९२९ मध्ये जपान माहजाँग संघ स्थापन झाला व साहित्यिक किकुची कान त्याचे पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर 'रिची' (एकाच सोंगटीची प्रतीक्षा उरल्याची घोषणा) व 'दोरा' (वाढीव मोलाची सोंगटी) या नियमांचा प्रसार होऊन गुणांकन अधिक गुंतागुंतीचे झाले.

हात सामान्यतः चार संच व एक जोडी यांनी पूर्ण होतो. विजयासाठी मात्र 'याकू' ही मान्य गुणरचना किमान एक लागते. एकाच हातात अनेक याकू जुळल्यास सर्वसाधारणपणे त्यांची बेरीज होते. रिची, पिन्फू (मुख्यतः चारही संच क्रमाचे) आणि तान्याओ (१, ९, वारे व ड्रॅगन वर्ज्य) यांचे मिळून तीन 'हान' होतात. प्रत्येक हानागणिक मूल्य जवळजवळ दुप्पट होते : १०००, २०००, ३९००, ७७००. पाच हानांवर 'मांगन' ही ८००० गुणांची मर्यादा येऊन ही दुपटीची वाढ रोखली जाते.

बेरजेला अपवादही आहेत. एकरंगी चिनित्सूमध्ये होनित्सू अंतर्भूतच असल्याने केवळ चिनित्सू मोजला जातो. एकाच रंगातील २२३३४४५५६६७७८८ हा हात सात जोड्या म्हणून वाचता येतो, तसाच र्‍यानपेको (समान क्रमांच्या दोन दुकली) म्हणूनही. दोन्ही वाचने एकत्र चालत नाहीत. अधिक मोलाचे स्वीकारले जाते.

तथापि केवळ १, ९, वारे व ड्रॅगन यांचा होनरोतो हा हात त्रिकांचा किंवा जोड्यांचा असणे अटळ असूनही त्या रचनेचे गुण जपानमध्ये वेगळे मिळतात. चीनच्या १९९८ च्या अधिकृत नियमावलीत ८१ गुणरचना आहेत. तेथे अटळपणे अंतर्भूत असलेली रचना पुन्हा मोजली जात नाही. म्हणूनच तेथे अशा हाताला 'सर्व त्रिके' या रचनेचे गुण मिळत नाहीत.

सारांश, अंतर्भावाचे तर्कशास्त्र दोन्हीकडे एकच असले तरी निर्णय भिन्न आहेत. जपानी नियमांनी तर्काची सुसंगती सर्वत्र पाळलेली नाही. दुर्मीळ हाताला भरघोस मोल देण्याची परंपरा मात्र जपली. खेळाची नियमावली ही त्या समाजाने कशाला पारितोषिक द्यावयाचे ठरविले, याचाही दस्तऐवज असते.