एकाच रुग्णातील अनेक गाठी : उगम एक की वेगवेगळे?

कर्करोगाच्या रुग्णात दुसरी गाठ आढळली, तर ती पहिलीच्याच पेशी पसरून झालेली आहे की स्वतंत्रपणे उद्भवलेली, यावर उपचारांची दिशा ठरते. पसरलेला कर्करोग पुढच्या टप्प्याचा मानला जातो. दोन स्वतंत्र गाठी वेळीच सापडल्यास दोन्ही बऱ्या होऊ शकतात.

वॉरन आणि गेट्स यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार दोन्ही गाठी घातक व परस्परांपासून वेगळ्या असाव्या लागतात आणि एक दुसरीतून पसरलेली नसल्याची खात्री व्हावी लागते. ही शेवटची अट केवळ सूक्ष्मदर्शकाच्या आधारे पूर्ण करणे अनेकदा अवघड जाते. आता दोन्ही गाठींतील डीएनएची तुलना करता येते. अनेक उत्परिवर्तने समान आढळली, तर उगम एकच मानला जातो. एखादेच समान उत्परिवर्तन मात्र पुरेसा पुरावा नव्हे. काही बदल अनेक रुग्णांत स्वतंत्रपणे घडतात.

मुखकर्करोगात हा भेद पुसट होतो. डॅनली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ७८३ रुग्णांच्या अभ्यासातून असे सुचवले, की तोंडाच्या अस्तराचा मोठा भागच आधी बदललेला असतो. तंबाखूमुळे बदललेल्या एका पेशीची संतती अस्तरात दूरवर पसरते आणि तिच्यातून पुढे वेगवेगळ्या जागी गाठी उद्भवू शकतात. त्यांचे मूळ एक असते, तरी त्या रूढ अर्थाने पसरलेल्या नसतात. भारतीय पुरुषांत मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने शस्त्रक्रियेनंतरही तोंडाची नियमित तपासणी आवश्यक ठरते.

आनुवंशिक दोषामुळे होणाऱ्या गाठींचे गणित निराळे असते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमा या बालकांच्या नेत्रकर्करोगाच्या ४८ रुग्णांवरून ‘दोन आघातां’चा सिद्धान्त मांडला. आनुवंशिक प्रकारात आरबी१ जनुकाच्या एका प्रतीतील दोष जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो. दुसरी प्रत ज्या ज्या पेशीत बिघडेल, तेथे नवी गाठ होऊ शकते. म्हणून लहान वयात, बहुधा दोन्ही डोळ्यांत, अनेक गाठी दिसतात. दोष सामाईक असला तरी प्रत्येक गाठीतील दुसरा आघात स्वतंत्र असतो.

फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या विकाराचे मूळ १९९० मध्ये टीपी५३ जनुकात सापडले. त्यात स्तन, हाडे, मेंदू अशा भिन्न अवयवांत कर्करोग होतात आणि किरणोपचार शक्यतो टाळले जातात. या दोषाची व्यक्ती आई असो वा वडील, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे रक्ताच्या नातेवाइकांनाही समुपदेशन व जनुकीय चाचणीचा सल्ला दिला जातो.