‘लागर’ : एका शब्दाचा डब्यापर्यंतचा प्रवास

घरच्या घरी बिअर तयार करण्यासाठी इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत पत्र्याचे डबे विकले जातात. डब्यात सातूच्या माल्टचा, हॉप्सने कडवट केलेला घट्ट पाक असतो आणि झाकणाखाली यीस्टची लहानशी पुडी असते. सुमारे १.७ किलोग्रॅम पाक व एक किलोग्रॅम साखर गरम पाण्यात विरघळवावयाची, थंड पाणी घालून सुमारे २३ लिटर द्रव करावयाचा, त्यात पुडी सोडावयाची आणि आंबण्याची क्रिया थांबली म्हणजे बाटल्या भरावयाच्या, अशी ही सुटसुटीत कृती आहे. यांपैकी अनेक डब्यांवर ‘लागर’ हा शब्द छापलेला असतो. या शब्दाचा इतिहास पाहून, डब्यावरील नाव आणि डब्यातील वस्तू यांचा परस्परसंबंध कितपत उरला आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणे. ‘लागर’ या नामाचे कोठार, छावणी, निजण्याची जागा असे अर्थ होतात, आणि या सर्वांच्या मुळाशी पडून राहणे हीच कल्पना आहे. श्वापदाच्या गुहेला इंग्रजीत ‘लेअर’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला होय. तेव्हा ‘लागर’ बिअर म्हणजे कोठारात पडून राहिलेली बिअर. या नावात रंगाचा, चवीचा वा मादकतेचा काहीही निर्देश नाही. निर्देश आहे तो केवळ कालाचा. मराठीत ‘साठवणे’ या क्रियापदाने त्याचा वाच्यार्थ येईल, परंतु त्यातील मर्म ‘मुरणे’ या क्रियापदातच सापडते. लोणचे बरणीत नुसते पडून नसते, ते मुरत असते. लागर बिअरची गोष्टही तशीच आहे.

हे मुरणे बव्हेरियात रूढ झाले ते हौसेने नव्हे, तर हवामानाच्या व कायद्याच्या रेट्याने. उन्हाळ्यात केलेली बिअर लवकर नासते, या अनुभवावरून ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई केली. साहजिकच हिवाळ्यात तयार केलेला साठा उन्हाळ्यापर्यंत पुरवावा लागे व त्यासाठी तो थंड तळघरांत ठेवावा लागे. अशा थंडीत तग धरून काम करणारे व शेवटी पात्राच्या तळाशी बसणारे यीस्ट तेथे टिकून राहिले. हे यीस्ट दोन जातींच्या संकरातून झालेले आहे. त्यांपैकी एक जात पाव व एल बिअर यांच्या यीस्टची. दुसरी, थंडी सोसणारी जात २०११ साली दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या अरण्यांतून ओळखण्यात आली व पुढे तिबेट आणि आयर्लंड येथेही आढळली.

एकोणिसाव्या शतकात या एकसंध प्रक्रियेचे घटक एकेक करून सुटे होऊ लागले. १८४२ साली बव्हेरियन कारागीर योसेफ ग्रोल याने बोहेमियातील पिल्सन येथे फिक्या माल्टची सोनेरी लागर तयार केली. तोपर्यंत बव्हेरियन लागर बहुधा गडद रंगाची असे; पुढे मात्र सोनेरी रंग हीच सामान्य ग्राहकाच्या लेखी लागरची खूण ठरली. १८७०च्या दशकात कार्ल फोन लिंडे याच्या शीतयंत्रामुळे थंडी ऋतूपासून स्वतंत्र झाली. १८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सन याने शुद्ध यीस्ट वेगळे काढून वाढविले आणि यीस्ट स्थळापासून स्वतंत्र झाले. रंग, थंडी व यीस्ट ही तिन्ही स्वतंत्रपणे उपलब्ध झाली. तरीही मुरण्यास लागणारा काल मात्र कोणाला विकत घेता येईना.

डब्याच्या इतिहासात कायद्याचा भाग मोठा आहे. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टनच्या १८८० सालच्या सुधारणेने माल्टवरील कर जाऊन बिअरवर कर आला आणि घरगुती गाळपासही परवाना आवश्यक झाला. ही अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ साली रद्द केली आणि घरगुती गाळपाच्या साहित्याचा व्यापार तेथे वाढीस लागला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात माल्टचा पाक पाव-बिस्किटांच्या नावाखाली खुशाल विकला जाई आणि त्याचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक असे. बंदी उठल्यावरही घरगुती बिअरला कायद्याची मान्यता नव्हती. ती देणाऱ्या विधेयकावर अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केली. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्यनिर्मिती निषिद्ध आहे, आपल्यापुरता हा विषय अभ्यासाचाच होय.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लागर यीस्टला आंबविण्याच्या काळात साधारणपणे ८ ते १३ अंश सेल्सिअस तापमान लागते व त्यानंतर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरणे आवश्यक असते. सामान्य घरात अशी सोय क्वचितच असते. म्हणून ‘लागर’ असे नाव असलेल्या अनेक डब्यांबरोबर प्रत्यक्षात एलचे यीस्ट दिले जाते व २० अंशांच्या वरचे तापमान सुचविले जाते. हे यीस्ट आठवड्याभरात आपले काम आटोपते. निष्पन्न होणारा द्रव फिका, हलका व फेसाळ असतो. म्हणजे यीस्ट लागरचे नाही, थंडी नाही, दीर्घ साठवणही नाही; उरतो तो पिल्सनहून आलेला रंग.

याला फसवणूक म्हणावे काय? भाषाशास्त्राच्या दृष्टीने इतके कठोर होण्याचे कारण नाही. क्रियेचे नाव वस्तूला मिळावे, वस्तूचे नाव तिच्या ठळक गुणाला मिळावे आणि अखेर मूळ क्रिया विस्मृतीत जावी, हा अर्थांतराचा परिचित क्रम आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला हा क्रम नजरेआड करून चालणार नाही. एखाद्या व्यापारी कागदात वा जाहिरातीत ‘लागर’ हा शब्द आढळताच तेथे तळघर, बर्फ व थंडीतले यीस्ट होते असे गृहीत धरणे म्हणजे शब्दालाच पुरावा मानणे होय. तो शब्द त्या काली, त्या स्थली प्रक्रियेचा वाचक होता, यीस्टचा की केवळ रंगाचा, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल.

शब्दाने टाकून दिलेला अर्थ कृतीने पुन्हा मिळविता येतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. तोच डबा घेऊन, पुडीतील यीस्टऐवजी लागर यीस्ट वापरून, जो घरगुती कारागीर आपले पात्र थंडीत ठेवतो आणि पुढे काही आठवडे बाटलीला हात लावीत नाही, त्याच्या बाबतीत डब्यावरील नाव खरे ठरते. पाक डब्यात भरता येतो, यीस्ट पुडीत बांधता येते. मुरण्याचा काल ज्याचा त्यानेच घालावा लागतो.