दुसऱ्याची रेषा, आपला रंग

छापील गोंडस चित्रात रंग भरणे हे आपल्याकडे बालवाडीचे काम समजले जाते. रेषा काढतो तो चित्रकार, आणि दुसऱ्याच्या रेषेत रंग भरतो तो विरंगुळा शोधणारा, अशी एक अलिखित उतरंड आपण मान्य केलेली आहे. मूळ संहितेपुढे टीकेला आणि स्वतंत्र लेखनापुढे भाषांतराला आपण जे दुय्यम स्थान देत आलो, त्याचेच हे भावंड. अल्कोहोल मार्करचा इतिहास पाहताना मात्र या उतरंडीचा फेरविचार करावा, असे आम्हांस वाटू लागले.

हा इतिहास रंगापासून नव्हे, तर नकलेपासून सुरू होतो. १९५९ साली ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र आले आणि त्यानंतर कचेऱ्यांत साध्या कागदावर प्रती काढणे सोपे झाले. या प्रतीवरील काळी रेषा शाईची नसते. उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली ती प्लास्टिकयुक्त भुकटी, म्हणजेच टोनर असते. आरेखनकार अशा प्रतींवर मार्करने रंग देऊ लागले, तेव्हा एक अडचण उभी राहिली. त्या काळच्या अनेक मार्करांत झायलीनसारखी उग्र वासाची द्रावके असत, आणि ती टोनरच विरघळवीत. रंग लावायला जावे तर रेषा फिसकटे आणि तिचा काळिमा रंगात उतरे. १९८७ साली जपानमधील ‘टू’ या कंपनीने टोनरला धक्का न लावणाऱ्या अल्कोहोलयुक्त शाईचे मार्कर बाजारात आणले. त्यांचे ‘कॉपिक’ हे नाव ‘कॉपी’ या शब्दावरून आले आहे. रेषेवरून जावे पण रेषा मोडू नये, ही या रंगाची जन्मअटच होती.

मग अशा रंगाला स्वतःचे असे काय उरते? याचे उत्तर छटांकनात आहे. अल्कोहोल झपाट्याने उडून जाते. परंतु ते ओले असताना शेजारी लावलेल्या दोन छटा एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यामधील सीमा दिसेनाशी होते. शाई पारदर्शक असल्यामुळे थरावर थर दिला की रंग गडद होतो, आणि एकदा गडद झालेला भाग पूर्वीसारखा फिका करता येत नाही. रंगहीन मिश्रक लावला तरी तो रंग पुसत नाही, केवळ बाजूला सारतो. प्रत्येक मार्करवरील संकेतातले अक्षर रंगाचे कुळ सांगते, पहिला अंक त्या रंगाचा मळकेपणा आणि शेवटचा अंक त्याचा गडदपणा. एकाच कुळातल्या तीन-चार पायऱ्या निवडल्या की गालाची गोलाई साधते.

गोंडस चित्रात तर हे छटांकन विशेष निर्णायक ठरते. जपानी भाषेत गोंडसपणाला ‘कावाई’ म्हणतात. तेथे या आवडीची परंपरा जुनी आहे. इ.स. १००० च्या सुमारास सेई शोनागोन या दरबारी लेखिकेने जीव लावणाऱ्या गोष्टींची जी यादी केली, तिच्या आरंभीच फळावर रेखलेला बालकाचा चेहरा आहे. १९७४ साली ‘हॅलो किटी’ आली, तिला तर रेषाही मोजक्याच. मोठे डोके, फुगीर गाल, नाममात्र नाक एवढ्यावर अशी चित्रे उभी राहतात. पण वर्तुळ म्हणजे चेंडू नव्हे. प्रकाश कोठून येतो याविषयी अशी रेषा मौन पाळते. तो ठरवावा लागतो रंग भरणाऱ्याला. आणि परतीची वाट नसल्यामुळे त्याला फिक्या छटेकडून गडद छटेकडे जपून जावे लागते. ‘कावाई’ या शब्दाचे मूळ चेहरा संकोचाने आरक्त होण्यात आहे, असे व्युत्पत्तिकार सांगतात. ती आरक्तता काळ्या रेषेत कोठून यावी? तिला गालावरचा गुलाबी थरच हवा.

या कलेची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. हे रंग रंजकद्रव्यांचे असल्यामुळे प्रकाशात हळूहळू विटतात. टोनरची काळी रेषा मात्र त्यामानाने टिकून राहते. टीकेचेही असेच होत नाही काय? एका पिढीने संहितेवर पाडलेला प्रकाश पुढच्या पिढीपर्यंत फिका होतो आणि संहिता पुन्हा कोऱ्यासारखी समोर येते. वर्गात तीच कविता दरवर्षी नव्याने शिकवताना आम्हांला हा अनुभव येतो. जुनी टिपणे पुरत नाहीत आणि प्रकाश कोठून येतो, हे पुन्हा ठरवावे लागते. ते ठरवताना कवितेची ओळ फिसकटू नये, एवढी अट पाळली तर या कामाला दुय्यम म्हणण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.