लिलियन कार्टर, मुक्काम विक्रोळी

१९६६ साली करावे गावातून मुंबई गाठायची तर खाडी आडवी होती. ठाणे खाडीवरचा पहिला पूल व्हायला १९७३ साल उजाडलं. तोवर होडी, नाहीतर ठाण्याचा वळसा. गावात आगरी-कोळ्यांची वस्ती, भोवती भाताची खाचरं, मिठागरं आणि खाजण. पुढे इथे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाचा जन्मही व्हायचा होता. त्या वर्षाच्या अखेरीस खाडीच्या समोरच्या काठावर, थोडं उत्तरेला, विक्रोळीत अडुसष्ट वर्षांची एक अमेरिकन परिचारिका राहायला आली. तोंडात नुकतीच शिकलेली जेमतेम मराठी.

लिलियन कार्टर ही जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावची. नवरा १९५३ साली वारला, मुलं मार्गी लागली, घरचा भुईमुगाचा धंदा थोरला मुलगा जिमी बघत होता. ज्या गावात काळ्या माणसानं गोऱ्याच्या घरी मागच्या दारानं यायचं, तिथे ही बाई काळ्या शेजाऱ्यांची दुखणीखुपणी काढत असे, त्यावरून बोलणीही खात असे. एके दिवशी टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात लागली: वयाची अट नाही. अमेरिकन स्वयंसेवकांना परदेशी कामाला धाडणारी, राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केलेली ही योजना खरी तर कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांची. लिलियननं अर्ज टाकला. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, तीन महिन्यांच्या आत प्रशिक्षण उरकलं, आणि आजीबाई भारतात.

विक्रोळी तेव्हा ना धड गाव, ना धड शहर. गोदरेजचे कारखाने तिथे उभे राहिले होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या मतपेट्या इथेच बनल्या. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत, पलीकडे झोपड्या, आणि मागे खाडीपर्यंत पसरलेली तिवरं. तिला नेमून दिलेलं काम होतं कुटुंबनियोजनाचा प्रचार. लाल त्रिकोणाचे, ‘दो या तीन बच्चे, बस’चे ते दिवस. आता परक्या बाईनं मोडक्यातोडक्या भाषेत कामगाराला नसबंदीचं महत्त्व पटवायचं, ही कल्पना कुठल्या कचेरीत सुचली असेल ते सांगायला नको. लिलियनला हे काम रुचलं नाही. तिचा जीव ओढत होता वसाहतीच्या दवाखान्याकडे. अखेर ती तिथे पोचली आणि खऱ्या अर्थानं कामाला लागली.

त्या दवाखान्यातला एक प्रसंग जिमी कार्टर यांनी पुढे कवितेत मांडला. ती ‘ऑल्वेज अ रेकनिंग’ या त्यांच्या १९९५ च्या संग्रहात आहे. अंगावरच्या जखमा लपवत एक कुष्ठरोगी मुलगी दारातून आत आली. लिलियन मागे सरली. डॉक्टरांनी केस तिच्याच हाती दिली. तिनं तोंडाला मास्क बांधला, घाईघाईनं इंजेक्शन दिलं आणि मग एकटीनं जाऊन अंग लाल होईपर्यंत घासून काढलं. दर आठवड्याला मुलगी येई, दर आठवड्याला हिच्या पोटात गोळा. जखमा भरत गेल्या तशी भीतीही ओसरली. दोघी मराठीत दोनचार शब्द बोलू लागल्या, हात हातात घेऊ लागल्या. पुढे तिनं त्या पोरीचा मुकाही घेतला. आयुष्यभर नर्स म्हणून वावरलेल्या बाईला हे अंतर कापायला इतके आठवडे लागावेत, हे तिच्याच मुलानं न झाकता लिहिलं, म्हणून ते खरं वाटतं.

परदेशी स्वयंसेवक एक योजना घेऊन येतो आणि गाव त्याच्याकडे भलतंच मागतं, हे महाराष्ट्रानं त्याच्या तीस वर्षं आधीच पाहिलं होतं. मॅडेलीन स्लेड, म्हणजे मीराबेन, ही ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. १९२५ साली ती गांधीजींकडे साबरमतीला आली, आणि पुढे वर्ध्याजवळच्या सिंदी गावात ग्रामसफाईचं काम करू लागली. रोज सकाळी रस्त्याकडेची घाण उचलायची. गावकरी बघत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसत. तिथून ती शेगावला गेली. गजानन महाराजांचं शेगाव नव्हे, हे वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचं, जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतलं. १९३६ च्या एप्रिलात गांधीजीही तिथे आले. आपल्याकडे अविश्वासानं बघणाऱ्यांवर स्वतःला लादायचं नाही, हे आपलं लहानपणापासूनचं तत्त्व, असं त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं. गावच्या म्हाताऱ्या पाटलानंही आडपडदा ठेवला नाही: आलात हे आमचं भाग्य, पण अस्पृश्यतेच्या बाबतीत आमची साथ गृहीत धरू नका.

गावानं झाडू घेतला नाही. औषध मात्र मागितलं. त्या वर्षी मलेरियानं गांधीजींना आणि विषमज्वरानं मीराबेनला गाठलं, तेव्हा आजार काय असतो ते पाहुण्यांनाही कळलं. डॉ. सुशीला नय्यर यांच्या हातून तिथे कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं आणि १९६९ मध्ये देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. शेगावचं तोवर सेवाग्राम झालं होतं. तिथल्या गांधीजींच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतींवर उठावात काढलेली ताडाची झाडं मीराबेनच्या हातची. ती कुटी मुळात तिनं स्वतःसाठी बांधली होती.

खाडीकाठच्या करावे गावाला मात्र असं विचारायला कोणी आलं नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. इथे एकदोघांनी गावात रुळायचं नव्हतं. सबंध शहरच येऊन बसणार होतं. शेत गेलं, मिठागर गेलं, गावठाण तेवढं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट खुली झाली. गावात राहायला येणाऱ्यानं आधी गावाचा कल पाहावा, हे शेगावात एका माणसाला सुचलं होतं. महामंडळाला ते सुचायला मोर्चे आणि मृत्यू लागले.

लिलियननं सत्तरावा वाढदिवस भारतातच, १५ ऑगस्ट १९६८ ला साजरा केला आणि त्याच वर्षी ती परतली. अंग इतकं झिजलं होतं की मायदेशी विमानातून चाकाच्या खुर्चीवर उतरावं लागलं. पीस कोअरचं भारतातलं काम १९७६ मध्ये संपलं. चार हजारांवर स्वयंसेवक येऊन गेले, आणि ते सीआयएचे हेर असल्याचा संशयही शेवटपर्यंत त्यांच्या मागे राहिला. पुढच्याच वर्षी जिमी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेतर्फे लिलियन पुन्हा भारतात आली.

१९७८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टर हरियाणातल्या दौलतपूर नसिराबादला गेले आणि त्या गावाचं नाव कार्टरपुरी झालं. लिलियन पूर्वी तिथे येऊन गेली होती, असं तिथले लोक सांगतात. तिचं भारतातलं काम मात्र झालं विक्रोळीत.